अलबत, इंग्रजीच!

२०२४ च्या ऑक्टोबरात, ऐन प्रचाराच्या धामधुमीत, डोनाल्ड ट्रम्प यांनी शिकागोत जाहीर केलं की शब्दकोशातला सगळ्यात सुंदर शब्द म्हणजे टॅरिफ. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टात अमेरिकेला जाणाऱ्या भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर पोचलं आणि या सौंदर्याचा चटका आपल्या निर्यातदारांना बसला. टॅरिफ मूळचा अरबी. ‘तआरीफ’ म्हणजे माहिती देणं, ओळख करून देणं. कुठल्या मालाला किती जकात, हे व्यापाऱ्यांना आधी कळावं म्हणून केलेली यादी, ती ही. (जकातही अरबीच, पण एका वेळी एकच पाहुणा घेऊ.) हाच शब्द फारसीचं बोट धरून मराठीत उतरला, आणि ओळख करून देता देता पाहुण्याचं जरा जास्तच कौतुक होतं तसं होऊन त्याची ‘तारीफ’ झाली. म्हणजे ट्रम्पसाहेब त्या दिवशी करत होते ती तारीफ, आणि जिची करत होते तीही तारीफच. दुसरीचे पैसे पडतात, एवढाच फरक.

अरबी शब्द जगात दोन वाटांनी पांगले. एक वाट पश्चिमेची: स्पेन, सिसिली, इटलीची बंदरं, पुढे फ्रेंच आणि तिथून इंग्रजी. दुसरी पूर्वेची: आधी फारसी, मग दख्खनच्या सुलतानांची दफ्तरं आणि दफ्तरांतून थेट मराठी माजघर. त्यामुळे शाळेत छड्या खाऊन पाठ केलेलं एखादं अवघड इंग्रजी स्पेलिंग आणि आजीच्या तोंडात रोज असलेला शब्द, हे लग्नाच्या एकाच पंगतीत शेजारी बसून मठ्ठा मागणारे पण एकमेकांना न ओळखणारे चुलतभाऊ निघतात. मॅगझिनचंच घ्या. मूळ अरबी ‘मखझन’, म्हणजे कोठार. बंदुकीचं मॅगझिन हे गोळ्यांचं कोठार. १७३१ साली लंडनच्या एडवर्ड केव्हने ‘जंटलमन्स मॅगझिन’ काढलं तेव्हापासून मजकुराचंही. त्याच धातूतून निघालेला मराठीतला भाऊ म्हणजे खजिना. मराठी मासिक चालवणाऱ्या कुणालाही हे नातं सांगून पाहावं. तो आधी हसेल आणि मग वर्गणीचं विचारेल.

परक्या शब्दांबद्दल आपण निदान एकदा तरी जागे झालो होतो. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंत हणमंत्यांनी राज्यव्यवहारकोश केला आणि कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. इंग्रजीने असा कोश सरकारी हुकमाने कधी केला नाही. येईल त्याला ओसरीवर घेतलं, त्याच्या नावाची मोडतोड केली आणि दोनशे वर्षांनी ‘हे आमचंच’ म्हणून जगाला परत विकलं.

मोडतोडीची सुरुवात ‘अल’पासून झाली. अरबीत ‘अल’ हे उपपद, इंग्रजीतल्या ‘द’सारखं. स्पेनमधल्या लोकांनी अरबांकडून वस्तू घेतल्या त्या उपपदासकट. ‘अल-कुब्बा’ म्हणजे घुमट. त्याचं स्पॅनिशात ‘अल्कोबा’ झालं, फ्रेंचमधून इंग्रजीत ‘अल्कोव्ह’ झालं, आणि इंग्रज त्याच्यापुढे पुन्हा स्वतःचं ‘द’ लावतो. आपल्या शाळेत ‘पिवळं पितांबर’ आणि ‘गाईचं गोमूत्र’ लिहिणाऱ्या मुलाच्या वहीवर लाल शाईचा वळसा उमटतो. तिकडे त्याच चुकीला ऑक्सफर्डच्या कोशात जागा मिळते. जुन्या इंग्रजी पुस्तकांत तर कुराणालाही ‘द अल्कोरान’ म्हटलेलं सापडतं.

कधी उपपद राहिलं आणि नामच गळालं. आरमाराचा प्रमुख तो ॲडमिरल. तो मूळचा ‘अमीर-अल-’, म्हणजे ‘अमक्याचा सरदार’. कशाचा, ते सांगणारा पुढचा शब्द वाटेत कुठेतरी पाण्यात पडला, आणि गेली कित्येक शतकं जगभरचे नौदलप्रमुख छातीवर पदकं लावून ‘…चा सरदार’ म्हणून सलामी घेत आहेत. उलट ‘अल-ऊद’ या वाद्याचं पुढे ‘ल्यूट’ झालं, त्यात ‘अल’मधला ‘अ’ गेला आणि ‘ल’ वाद्याला चिकटून बसला.

मराठी माणसाने यावर फार हसू नये. अरबी ‘अल-बत्ता’ आपणही उपपदासकटच उचललं आहे. अलबत!

सगळ्यात नशीबवान ‘अल’ मात्र अल्जिब्राचा. बगदादेत नवव्या शतकात अल-ख्वारिझ्मी नावाचा गणिती होऊन गेला. त्याने समीकरणं सोडवण्यावर ग्रंथ लिहिला आणि त्याच्या नावात ‘अल-जब्र’ हा शब्द घातला. जब्र म्हणजे मोडलेलं पुन्हा सांधणं. समीकरणाच्या एका बाजूला वजा झालेलं पद दुसऱ्या बाजूला नेऊन भरपाई करणं. ११४५ साली चेस्टरच्या रॉबर्टने स्पेनमधल्या सेगोव्हिया गावी त्याचं लॅटिन भाषांतर केलं आणि युरोपातल्या पोरांच्या मागे बीजगणित लागलं. ग्रंथकर्त्याचं नावही वाया गेलं नाही, त्यातून ‘अल्गोरिदम’ निघाला. आज मोबाइलवर एकदा पातेलं शोधलं की महिनाभर पातेल्यांच्या जाहिराती दाखवणारा जो कुणी आहे, तो नावापुरता ख्वारिझमचा रहिवासी आहे.

पण जब्र म्हणजे हाड सांधणंसुद्धा, आणि सर्वसामान्य स्पॅनिश माणसाला समीकरणापेक्षा मोडलेलं हाड जास्त जवळचं. स्पेनमध्ये ‘अल्जेब्रिस्ता’ म्हणजे हाडवैद्य. ‘डॉन किहोते’ या स्पॅनिश कादंबरीच्या १६१५ सालच्या दुसऱ्या भागात सॅन्सन कॅरॅस्को नावाचा पदवीधर घोड्यावरून आपटतो, बरगड्या शेकून निघतात आणि त्याला जवळच्या गावात उपचाराला नेतात ते अल्जेब्रिस्ताकडे. तो बरगड्या बघतो, वर्गमूळ काढत नाही. इंग्रजीतही सोळाव्या शतकात अल्जिब्राचा हा अर्थ चालत असे. दहावीच्या निकालानंतर ज्यांना घरी दोन्ही अर्थांचा लाभ झाला, त्यांना हा संबंध वेगळा समजावून सांगायला नको.

उपपदाचा घोळ कानांनी केला. त्याहून मोठा घोळ डोळ्यांनी केला, आणि त्याची व्यवस्थित ओळख मराठीइतकी दुसऱ्या कुठल्या भाषेला नसेल. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि ‘धरावे’चं ‘मारावे’ केल्याची कथा घरोघर गेली. तेव्हापासून कागदावरच्या खाडाखोडीला आपल्याकडे हक्काचं नाव आहे: ‘ध’चा ‘मा’. अरबी लिपीत तर हे करायला खाडाखोडही लागत नाही. तिथे ठिपका हलला की काम झालं. शब्दाच्या सुरुवातीचा ‘य’ आणि ‘ब’ आकाराने सारखेच. ‘य’च्या खाली दोन ठिपके, ‘ब’च्या खाली एक. मृग नक्षत्रातल्या तांबड्या ताऱ्याला अरब ‘यद अल-जौझा’ म्हणत, म्हणजे त्या आकृतीचा हात. मध्ययुगात कुणा नकलनविसाने एक ठिपका गाळला, ‘य’चा ‘ब’ झाला आणि हाताचा बीटलज्यूस झाला. आता गंमत पाहा. पुढच्या विद्वानांना ‘बद’ म्हणजे काय ते कळेना. चूक झाली असेल असं विद्वानाला सहसा वाटत नाही. त्यांनी अर्थ लावला की मूळ शब्द ‘काख’ असणार, कारण तारा बरोबर खांद्यापाशी आहे. अशा रीतीने आकाशातला एक महाकाय तारा हातावरून काखेत गेला. मराठीत या ताऱ्याचं एक नाव काक्षी आहे, आणि त्यातही काख ऐकू येते.

‘झेनिथ’ची हकीगत याच जातीची. डोक्यावरच्या आकाशबिंदूकडे जाणारी वाट ती ‘सम्त’. लॅटिन लिहिणाऱ्याच्या हातून ‘म’च्या तीन उभ्या दांड्यांतली एक सुटी झाली, ‘म’चा ‘नि’ वाचला गेला आणि ‘सेनित’ तयार झालं.

मात्र ‘ध’चा ‘मा’ या कलेचा कळस आहे त्रिकोणमितीत, आणि त्याची सुरुवात आपल्या घरातून होते. आर्यभटाने ४९९ साली लिहिलेल्या ग्रंथात अर्ध्या ज्येचं कोष्टक दिलं. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी; वर्तुळाच्या कमानीला ताणलेली दोरी म्हणून ते नाव चपखल. तिलाच ‘जीवा’ही म्हणत. अरबांनी ते गणित घेतलं आणि शब्द तसाच ठेवला: ‘जीब’. अरबीत स्वर लिहायची फारशी पद्धत नाही, त्यामुळे कागदावर उरले ‘ज’ आणि ‘ब’. बाराव्या शतकातल्या लॅटिन भाषांतरकारांनी ते उघडून पाहिलं. ‘जीब’ असा अरबी शब्द त्यांना कुठे सापडणार? त्यांनी वाचलं ‘जैब’, म्हणजे अंगरख्याच्या गळ्याची खोळ, छाती, खिसा. हिंदीतली ‘जेब’ ती हीच. मग इमानेइतबारे भाषांतर केलं: ‘सायनस’. लॅटिनमध्ये सायनस म्हणजे खोळ, पोकळी, उपसागर. त्याचं इंग्रजीत झालं ‘साइन’. अकरावीची मुलं साइन थीटा म्हणून जे घोकतात ते आर्यभटाच्या धनुष्याची दोरी आहे, बगदादमार्गे खिशात गेलेली. आणि सर्दीने कपाळ ठणकायला लागलं की डॉक्टर ज्या सायनसकडे बोट दाखवतात, तो शब्दही तोच. एकाच शब्दाने गणिताच्या आणि कानानाकघशाच्या अशा दोन्ही खात्यांत डोकेदुखी द्यावी, हा योगायोग खास म्हणावा असा.

अल्कोहोलबद्दल मात्र थोडं जपून बोलावं लागतं, कारण त्याची सुरुवात अत्यंत सोज्वळ आहे. ‘अल-कुह्ल’ म्हणजे सुरमा, डोळ्यांत घालायची बारीक पूड. किमयागारांनी कुठल्याही अतिशय बारीक पुडीला ते नाव दिलं. मग पुडीवरून अर्काला, अर्कावरून द्राक्षारसाच्या अर्काला, आणि शेवटी ‘द्राक्षारसाचा’ हे शब्द गळून नुसता अर्क उरला. डोळ्यांत घालायची गोष्ट अशी हळूहळू घशाखाली गेली. त्याच्या उलट ‘शराब’. अरबीत ती साधी पेय या अर्थाची. तिच्यापासून एकीकडे खोकल्याचं सिरप निघालं, दुसरीकडे त्याच धातूतून एकादशीला चालणारं लिंबाचं सरबत. बदनामी एकट्या शराबेच्या वाट्याला आली.

अरबी शब्दांचा किमयागारांवर इतका वचक होता की नसलेले अरबी शब्दही तयार होऊ लागले. पॅरासेल्सस नावाच्या किमयागाराने ‘अल्काहेस्ट’ नावाच्या द्रवाची गोष्ट काढली. बहुधा हा शब्द त्याने स्वतःच अरबी थाटात जुळवला. कुठलाही पदार्थ विरघळवेल असं हे द्रव, अशी समजूत पुढे रूढ झाली. कित्येक वर्षं युरोपातले हुशार लोक ते शोधत होते, आणि सापडल्यावर ते कशात ठेवायचं, एवढाच प्रश्न उरला होता.

स्वयंपाकघरात या मंडळींचा प्रतिनिधी वांगं आहे. संस्कृत ‘वातिंगण’. त्याचं मराठीत वांगं झालं आणि ते आपल्या कोपऱ्यात भरलं, भाजलं जाऊ लागलं. पण त्याचा दुसरा भाऊ देशोधडीला लागला. फारसीत ‘बादिंगान’, अरबीत ‘अल-बादिंजान’, कॅटलानमध्ये ‘अल्बर्जीनिया’, फ्रेंचमध्ये ‘ओबर्जिन’ आणि तिथून इंग्रजांच्या ताटात. ओबर्जिनमधला ‘ओ’ म्हणजे ओळखू न येणारा ‘अल’. पोर्तुगिजांनी त्याच अरबी शब्दाचं ‘बेरिंजेला’ केलं, जहाजात घालून ते भारतात आणलं आणि आपल्याकडच्या इंग्रजीत ‘ब्रिंजल’ झालं. म्हणजे इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाणारा नातू ‘आजी, वांगं नाही, ब्रिंजल म्हण’ असं शिकवतो तेव्हा तो तिला तिचंच वांगं परत देत असतो, इराण, अरबस्तान आणि लिस्बनचं भाडं लावून. वेस्ट इंडिजात त्याचं ‘ब्राउन-जॉली’ झालं. इटलीत ‘मेलांझाना’ झालं, आणि तिथल्या लोकांनी ते ‘मेला इन्साना’, म्हणजे वेडं सफरचंद असं फोडलं. भाजीने एवढे हाल सोसले तर ती वेडी होणारच.

वांग्याच्या या वनवासाची नोंद यूल आणि बर्नेल यांनी १८८६ साली छापलेल्या अँग्लो-इंडियन शब्दकोशात मोठ्या कौतुकाने केली आहे. त्या कोशाचं नावच ‘हॉब्सन-जॉब्सन’. मोहरमच्या मिरवणुकीत छाती पिटत ‘या हसन! या हुसेन!’ असा जो आक्रोश चालतो, तो गोऱ्या शिपायांच्या कानाला तसा ऐकू आला. आपणही उधारी ठेवली नाही. त्यांच्या सोल्जरचा आपण सोजीर केला.

व्यापारातले शब्द दिसायला साधे, पण खोटं बोलण्यात पटाईत. इंग्रजीत ‘गार्बल’ म्हणजे मजकुराचा गोंधळ करणं. मूळ अरबी ‘घरबला’चा अर्थ नेमका उलटा: चाळणं, निवडणं. लंडन शहरात मसाल्यांचा ‘गार्बलर’ म्हणून अधिकृत अधिकारी असे. वखारीत शिरायचं, मिरी-सुंठीची पोती उघडायची आणि काड्या, माती, केरकचरा वेगळा करायचा, हे त्याचं काम. पुढे लोक मजकुरातूनही सोयीचं तेवढं निवडून घेऊ लागले, आणि निवडणं आणि बिघडवणं यातलं अंतर मिटलं.

‘ॲव्हरेज’ त्याच गोदीतला. अरबी ‘अवार’ म्हणजे मालाचं नुकसान. वादळात जहाज वाचवायला काही माल समुद्रात फेकावा लागला, तर ते नुकसान ज्याचा माल गेला त्या एकट्याचं नव्हे; जहाजावर माल असलेल्या सगळ्यांनी आपापल्या हिश्श्याने भरायचं. हा वाटा म्हणजे ॲव्हरेज, आणि वाटे काढायच्या हिशेबातून सरासरी. नियम आजही जिवंत आहे. २०२१ च्या मार्चात ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज सुएझच्या कालव्यात सहा दिवस आडवं पडलं. ते सुटल्यावर जहाजमालकाने हाच नियम पुकारला आणि ज्यांचं सामान धड पेट्यांत सुखरूप होतं त्यांच्याही गळ्यात खर्चाचा वाटा आला. आपल्याकडे शोरूममध्ये शिरताच माणूस विचारतो, ‘गाडी ॲव्हरेज किती देते?’ मूळ अर्थाने ऐकलं तर तो विचारतोय, नुकसान किती होईल. आणि विक्रेता आकडा फुगवून सांगतो.

गाडीवरून आठवलं. मालगाडीच्या डब्यावर ‘टेअर’ असं लिहून आकडा दिलेला असतो, म्हणजे रिकाम्या डब्याचं वजन. वाण्याच्या भाषेत धडा. अरबी ‘तरहा’, म्हणजे टाकून दिलेलं, वजा केलेलं. ‘तरह’ म्हणजे टाकणं. अरब लोक जमिनीवर जिथे अंथरूण टाकून पसरत, ती जागा ‘मतरह’. त्याचं इटलीत ‘मातेरासो’ आणि इंग्रजीत ‘मॅट्रेस’ झालं. अंथरूण ‘टाकलं’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे पटायला वेळ लागू नये. त्याच ‘तरह’चं फारसीमार्गे आपल्याकडे झालं ‘तऱ्हा’, आणि तऱ्हेवरून तऱ्हेवाईक. मालगाडीचा डबा, कापसाची गादी आणि घरातला विक्षिप्त मामा यांना एकत्र आणणारं दुसरं काही अजून निघालेलं नाही.

बुद्धिबळातल्या शहाने तर इंग्रजांची अख्खी तिजोरी ताब्यात घेतली. फारसी ‘शाह’वरून चेक, चेस आणि चौकटीचा पट, त्या पटासारख्या चौकटीच्या कापडावर सोंगट्या मांडून राजाचा हिशेब व्हायचा म्हणून खजिन्याचं खातं ‘एक्सचेकर’, आणि त्याच घराण्यातून बँकेचा चेक. आपण शह देतो, काटशह देतो, मात करतो, आणि पैसे द्यायची वेळ आली की धनादेश देतो. बाकी किरकोळ: अरबी ‘बब्बगा’, म्हणजे पोपट, युरोपभर फिरून ‘पॉपिंजे’ झाला आणि नटव्या, पोकळ माणसाला लागू पडला. तिथे माणूस पोपट असतो, आपल्याकडे त्याचा होतो. ‘ड्रॅगोमन’ या शब्दात ड्रॅगन दिसतो, पण तो बिचारा दुभाषी; तुर्की दरबारात उभा राहून तर्जुमा करणारा ‘तर्जुमान’.

इतका खरा माल उघड्यावर पडलेला असताना लोकांना खोटा का आवडतो, कळत नाही. न्यूज म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ ही फोड कुटुंबाच्या ग्रुपवर दर पावसाळ्यात उगवते. (न्यूज म्हणजे ‘नव्या’ गोष्टी, एवढंच आहे.) ‘पॉश’ म्हणजे मुंबईच्या बोटीवर जाताना डाव्या आणि परतताना उजव्या, सावलीच्या बाजूची केबिन घेणारे श्रीमंत, ही दुसरी; तिला कागदाचा एक तुकडाही पुरावा नाही. पु. ना. ओकांनी तर व्हॅटिकनची वाटिका आणि ख्रिश्चॅनिटीची कृष्णनीती करून पुढच्या पिढ्यांची सोय लावून ठेवली.

या वृत्तीला इंग्रजीत एक दुर्मिळ शब्द आहे, आणि तो अरबी नाही: ‘मम्प्सिमस’. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला एका पाद्र्याची गोष्ट सांगितली जात असे. प्रार्थनेतल्या ‘सम्प्सिमस’ या लॅटिन शब्दाऐवजी तो वर्षानुवर्षं ‘मम्प्सिमस’ म्हणे, ज्याला काहीच अर्थ नाही. चूक दाखवल्यावर त्याने सांगितलं की तुमच्या नव्या सम्प्सिमससाठी मी माझा जुना मम्प्सिमस सोडणार नाही. गोष्ट इतकी गाजली की १५४५ साली आठव्या हेन्रीने पार्लमेंटपुढे बोलताना हे दोन्ही शब्द वापरून धर्मगुरूंना झापलं. फॅमिली ग्रुपवर हेन्री नाही. तिथे कुणी नम्रपणे ‘काका, न्यूजची ती फोड चुकीची आहे’ असं लिहिलंच, तर उत्तरादाखल जोडलेले दोन हात येतात, मग गुलाबाचं फूल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला पॉश.